डावखुरा विळा, फुकटचा एडिटर

भारी धान कापणीला आले की मला दर वर्षी कोणीतरी तोच प्रश्न विचारते. या वर्षी तो लाखांदूरहून आला. तिथल्या महाविद्यालयात एकदा मी तासभर बोलायला गेले होते. तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या एका मुलीने माझा नंबर घेतला होता. तिने लिहिले होते, "ताई, वेब प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं आहे. फुकटातला, नाहीतर स्वस्तातला, सगळ्यात चांगला एडिटर कोणता? फक्त नाव सांगा."

संदेश आला तेव्हा मी सिहोऱ्याजवळच्या आमच्या घरी ओसरीत बसले होते. नोकरी नागपुरात आहे. कापणीला मात्र आठ दिवस घरी येते. अंगणापलीकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कडपा पडल्या होत्या. आमच्याकडे कापलेल्या धानाचे भारे लगेच बांधत नाहीत. दोन-तीन दिवस ते ओळीने आडवे पसरून वाळू देतात. त्या ओळींना कडपा म्हणतात. सकाळी त्यांच्यावर दव असते आणि वास गवताचा येतो. ऊन चढले की तोच वास हळूहळू भाजलेल्या पोह्यांकडे सरकतो. नेमका कोणत्या तासाला सरकतो, हे मी लहानपणी वहीत नोंदवून पाहिले होते. तीन दिवसांत तीन वेगळी उत्तरे आली आणि मी तो प्रयोग बंद केला.

नाव सांगायला मला एक शब्द पुरला असता. मी तो लिहिला नाही. चार कापण्यांपूर्वी मीही असेच फक्त नाव विचारले होते, आणि हातातल्या एकवीस दिवसांपैकी सहा दिवस त्या नावाच्या शोधात घालवले होते.

तो हंगाम असा सुरू झाला. भौतिकशास्त्र घेऊन माझे बी.एस्सी. पूर्ण झाले होते. नागपुरातल्या एका लहान कंपनीने वेब प्रोग्रॅमिंगसाठी शिकाऊ उमेदवार निवडायचे ठरवले होते. अट सरळ होती : एकवीस दिवसांत स्वतः लिहिलेले, चालणारे संकेतस्थळ घेऊन या, इथे आम्ही त्यात एक बदल सांगू, तो अर्ध्या तासात आमच्यासमोर करून दाखवा. निवड झाली तर सहा महिन्यांचे शिक्षण आणि पुढे नोकरी. झाली नाही, तर बी.एड.चा अर्ज बाबांनी भरून कपाटावर ठेवलाच होता. त्यावर फक्त माझी सही राहिली होती. शिकवण्याला मी कमी लेखत नाही. मला ते करायचे नव्हते, इतकेच.

बाबांशी एक करार झाला. त्या वर्षी मी बांधीत उतरणार नव्हते. आई आणि काकू बायांच्या टोळीत कापायला जाणार, बाबा खळे सांभाळणार आणि मी घरी बसून काम करणार. कापणीच्या दिवसांत धडधाकट मुलगी घरात बसते, ही गोष्ट आमच्या गावात लपत नाही. काकू, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, शेजारच्याच घरात राहतात. सकाळी विळा कमरेला खोचून जाताना त्या ओसरीशी थांबत.

"काहून वं प्रणाली, आजही त्या डब्ब्यातच का?"

"अभ्यास आहे काकू."

"कर बाई कर. आमचा अभ्यास सूर्य डोक्यावर याच्या आंधी संपवा लागते."

डब्बा म्हणजे माझा लॅपटॉप. मामेभावाने वापरून टाकलेला, स्मृती जेमतेम, बॅटरी पाऊण तासाची. त्याचे आणखी एक वैशिष्ट्य त्या हंगामाच्या तिसऱ्या दिवशी तयार झाले आणि त्याला मी जितकी जबाबदार आहे तितकेच बाबाही आहेत.

हलके धान दिवाळीच्या आत निघते, भारी धान मागून. त्या दिवशी खळ्यावर हलक्या धानाची उफणणी चालली होती आणि घरात वीज नव्हती म्हणून मी लॅपटॉप घेऊन खळ्याच्या कडेला, तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाला टेकून बसले होते. खळ्यावरचा मोठा पंखा ट्रॅक्टरवर चालतो. त्याच्या झोतात वरून धान सोडले की दाणे सरळ खाली पडतात आणि फोल, कुसळे, भुसा लांब उडतो. वारा माझ्याकडे वळला. अर्ध्या तासात कीबोर्डच्या प्रत्येक फटीत कुसळ गेले. स्वल्पविरामाची कळ दाबली की दाबलेलीच राहायची.

बाबा आले. त्यांनी लॅपटॉप उलटा करून झटकला, बोटाने कळ हलवून पाहिली आणि मग आयुष्यभराच्या अनुभवातून निघालेला निर्णय घेतला.

"कचरा अडकला आहे न? थांब, हवा देतो."

मी नको म्हणेपर्यंत कीबोर्ड उफणणीच्या पंख्यासमोर होता. पंख्याने आपले काम चोख केले. जड ते जागेवर राहिले, हलके ते उडाले. स्वल्पविरामाची काळी कळ, तिच्या खालच्या रबरी टोपीसकट, भुशाच्या ढगात दिसेनाशी झाली.

आम्ही दोघांनी दीड तास शोधले. बाबांनी चाळणी आणली. "दात पडला तुह्या मशीनचा," ते शेवटी म्हणाले आणि त्या रात्री जेवताना माझ्याकडे पाहायचे टाळत राहिले.

ज्यांनी कधी प्रोग्रॅम लिहिला नाही त्यांना एका कळीचे महत्त्व सांगायला हवे. संकेतस्थळाचे पान साध्या मजकुरातच लिहितात. फक्त प्रत्येक भाग एका खुणेने सुरू होतो आणि एका खुणेने संपतो. ती खूण ज्या टोकदार कंसाने उघडते, तो कंस स्वल्पविरामाच्याच कळीवर, वरच्या जागी असतो. म्हणजे माझ्या कीबोर्डवर आता पानाची एकही खूण उघडता येत नव्हती. यादीतली दोन नावे वेगळी करायला लागणारा स्वल्पविरामही नव्हता. बाहेरून जोडायचा कीबोर्ड हा सरळ उपाय होता आणि तोही मी केला. सिहोऱ्याहून एक उसना आणला. लॅपटॉपच्या दोन खाचांपैकी एक मेलेली होती, दुसरी इतकी सैल की वायरला धक्का लागला की कीबोर्ड बंद. अर्ध्या दिवसात परत केला. कंस एकदा कुठून तरी उचलून दर वेळी चिकटवायचा, असे सुरू केले. एका पानाला शंभरदा.

विवेकी माणसाने इथे थांबून आपली अडचण नीट मांडली असती. मी विज्ञानाची विद्यार्थिनी असल्याने तक्ता केला.

एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायची वही, फक्त जरा हुशार. तो खुणा रंगवून दाखवतो, उघडलेला कंस मिटला नसेल तर सांगतो, अर्धा शब्द पूर्ण करतो. माझ्या तक्त्यात पाच एडिटर होते आणि रकाने सात : किंमत, आकार, उघडायला लागणारा वेळ, देवनागरी नीट दिसते का, इंटरनेट लागते का, मदतीच्या सोयी आणि लोकांचे मत. प्रत्येक रकान्याला गुण. गुणांना भार. भार किती द्यावा याचा विचार करण्यात एक पूर्ण दुपार गेली. बाहेर बाया गाणी म्हणत कापत होत्या, त्यांच्या मागे बगळे चालत होते आणि मी 'लोकांचे मत' या रकान्याला दहा टक्के द्यावेत की पंधरा, हे ठरवत होते.

नावे मी इथे लिहीत नाही. दोन-चार वर्षांत नावे बदलतात. त्यातला एक एडिटर तर आज बंदही झाला आहे. त्या पाचांचे स्वभाव मात्र अजून तसेच भेटतात.

पहिला, सर्वांचा लाडका. फुकट आणि सर्वगुणसंपन्न. माझी वर्गमैत्रीण स्नेहल नागपुरात नोकरीला लागली होती. तिला फोन केला तर तिने वाक्य पूर्ण होऊ दिले नाही. "अगं, विचारायचं काय त्यात? सगळे तोच वापरतात. डोळे मिटून घे." मी डोळे मिटून घेतला. माझ्या तक्त्यात त्याला सर्वाधिक गुण होते. लॅपटॉपवर तो उघडायला लागणारा वेळ मी घड्याळ लावून मोजला : काकूंनी चूल पेटवल्यापासून चहा गाळेपर्यंत. उघडल्यावर एक अक्षर टंकले की ते पडद्यावर यायला दुसरे टंकावे लागे. पंखा घरघरत राही आणि बॅटरी पाऊण तासावरून वीस मिनिटांवर आली.

दुसरा दिसायला देखणा, चालायला हलका, पण विकतचा. वापरून पाहायला मोकळीक होती. मात्र दर थोड्या वेळाने तो नम्रपणे विचारायचा, विकत घेता का? त्याचा प्रश्न रास्त होता. ज्याने बनवला त्याने किंमत मागावी. दर वेळी 'नंतर' म्हणताना मला आपण कोणाच्या तरी दुकानात बसून फुकट वर्तमानपत्र वाचतो आहोत असे वाटे. तीन दिवसांनी तो काढून टाकला.

तिसऱ्याला लॅपटॉपची गरजच नव्हती. तो इंटरनेटवर, ब्राउझरमध्येच उघडायचा. संगणक कितीही जुना असो, काम दूरच्या यंत्रावर होते, ही कल्पना मला फार शास्त्रीय वाटली. अडचण एवढीच की आमच्या गावात तेव्हा नेटवर्क तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, यायचे. दोन दिवस मी पाळीवर, पळसाच्या सावलीत बसून काम केले; बॅटरी संपली की घरी जाऊन भरून आणत होते. तो त्या हंगामातला सगळ्यात सुंदर भाग होता, हे कबूल करते. पावसाळ्याचा गढूळपणा खाली बसून तलावाचे पाणी निवळले होते. मासेमारी करणाऱ्या ढिवर घरांतल्या बाया डोंग्यात बसून शिंगाडे तोडत होत्या; वेल उचलायचा, खालचे शिंगाडे खुडायचे, वेल परत पाण्यावर ठेवायचा. पाण्याचा थेंबही फुकट उडत नव्हता. त्यांच्यातली एक बाई किनाऱ्याला लागली, माझ्याकडे निरखून पाहिले आणि ओच्यातले चार शिंगाडे माझ्या शेजारी ठेवले.

"कोनाची वाट पाहून राहिली वं बाई? कालपासून बसून आहेस."

"नेटवर्कची."

"येनार आहे का तो?" ती हसत म्हणाली. "आमचे मासे बी असेच. बसलं की येत नाही."

ती म्हणाली तसेच झाले. दुपारी नेटवर्क गेले आणि त्याच्याबरोबर दूरच्या यंत्रावर न पोचलेले माझे अर्धे पानही गेले. शिंगाडे सोलून खाल्ले आणि घरी आले.

चौथा म्हणजे संगणकाबरोबर आपसूक येणारी साधी वही. त्यात काहीच नव्हते आणि म्हणून काहीच बिघडत नव्हते. माझ्या संकेतस्थळाचा विषय मी आमच्या खळ्यावरून घेतला होता. गावात मळणीचे यंत्र एकच आहे; ते एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर जाते आणि आज कोणाची पाळी यावरून दर वर्षी वाद होतो. पाळीची यादी फोनवर दिसावी, झालेल्या पाळ्या कळाव्यात, एवढे माझे पान करणार होते. साध्या वहीत मी बारा घरांची नावे मराठीत लिहिली, चिकटवलेल्या कंसांनी कसेबसे पान उभे केले, जतन केले, बाबांच्या फोनवर उघडून दिले. देवनागरी कोणत्या पद्धतीने जतन करायची ते मी निवडले नव्हते. पडद्यावर बारा ओळी प्रश्नचिन्हे होती.

बाबांनी चष्मा पुसून पाहिले. "याच्यात त् साऱ्या गावाचं नाव एकच दिसून राहिलं."

"चूक झाली बाबा. दुरुस्त करते."

"राहू दे. कोनाची पाळी तेच समजत नाही, म्हनजे भांडन बी नाही." ते हसले आणि फोन परत देत म्हणाले, "किती दिवस राहिले वं?"

"बारा."

ते खळ्याकडे निघाले. कपाटावरचा अर्ज मात्र मला ओसरीतूनही दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तुमसरला बाजार होता. लॅपटॉपची कळ मिळते का पाहायला गेले, मिळाली नाही. तिथले दुकानदार म्हणाले, पूर्ण कीबोर्ड बदलावा लागेल, माल नागपूरहून मागवायला दहा-बारा दिवस. परत येताना बसस्थानकाजवळ विळे मांडलेले दिसले. काकूंचा विळा मी लहानपणापासून पाहत होते : पाते झिजून निम्मे झालेले, मुठीचे लाकूड काळे पडलेले. रोज सकाळी त्या मला बोलून जात होत्या आणि संध्याकाळी आमच्या घरचे पाणीही भरून देत होत्या, कारण मी 'अभ्यासात' असे. मी त्यांच्यासाठी नवा विळा घ्यायचे ठरवले. आणि नीट पारखून घेतला. वजन हातात तोलून पाहिले. धार नखावर पाहिली. दाते मोजले, सारखे आहेत का ते पाहिले. मूठ घट्ट आहे का, पाते आणि मूठ यांचा कोन किती, सर्व पाहिले. दुकानदारीण कंटाळली. "बाई, लगीन जमवून राहिलीस का इळा घेऊन राहिलीस?"

सकाळी काकूंना विळा दिला. त्या खूश झाल्या. कौतुकाने टोळीतल्या बायांना दाखवला. त्या दिवशी मी मुद्दाम बांधीवर गेले. काकूंनी नव्या विळ्याने पहिली मूठ कापली, मग दुसरी. तिसऱ्या मुठीला पाते बुंध्यावरून वर सरकले. त्यांनी पकड बदलली. पुन्हा तेच. ओळीतल्या बाया चार हात पुढे गेल्या. काकू सरळ उभ्या राहिल्या, नवा विळा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवला आणि कमरेचा जुना काढला.

"काय झालं काकू? धार नाही का?"

"धार बेस आहे. इळाच बेस आहे."

"मग?"

त्या वाकून कापायला लागल्या. धानाची मूठ उजव्या हातात, विळा डाव्यात.

काकू डावखुऱ्या आहेत. मी त्यांच्या हातचे जेवले आहे, त्यांच्याकडून वेणी घालून घेतली आहे, त्यांना वीस वर्षे कापताना पाहिले आहे. विळ्याचे दाते एकाच अंगाने कापलेले असतात, उजव्या हातासाठी. डाव्या हातात ते उलट्या अंगाला येतात आणि पाते धरायच्या ऐवजी घसरते. काकूंचा जुना विळा लोहाराने त्यांच्या हातासाठी दाते पाडून दिलेला होता. म्हणूनच टोळीतली प्रत्येक बाई दुसऱ्याच्या बांधीत कापायला जाताना स्वतःचा विळा नेते. कोणी कोणाला देत नाही, कोणी मागत नाही. हेही मी जन्मापासून पाहत होते. विळ्याबद्दल मी सर्व काही तपासले होते. फक्त तो कोणत्या हातात जाणार आहे, हे तपासले नव्हते.

माझ्या मागून एक बाई म्हणाली, "शिकलेली पोरगी, अन् काकूचा हात माहीत नाही!" सगळी ओळ हसली. काकूही हसल्या, पण वर न पाहता त्यांनी मला सोडवले. "तिचं ध्यान धारेवर होतं. पोरगी धार बेस पारखते."

घरी आले, तक्ता उघडला. सात रकाने होते आणि ते सगळे एडिटरबद्दल होते. माझ्याबद्दल एकही नव्हता. आठवा रकाना मी शेवटी जोडला नाही. सर्वांच्या आधी घातला. त्यात चार गोष्टी लिहिल्या. लॅपटॉपची स्मृती कमी. नेटवर्क नाही. मजकूर मराठी. स्वल्पविरामाची कळ नाही. त्या रकान्यातून पाहिल्यावर पाचपैकी चार एडिटर दहा मिनिटांत बाद झाले. गुणांची बेरीज करायची वेळच आली नाही.

उरला तो पाचवा. फुकट, लहान, दिसायला जुनाट. स्नेहल त्याला हसली असती. पण तो डोळ्याची पापणी लवते तितक्यात उघडायचा, इंटरनेट मागायचा नाही, देवनागरी नीट जतन करायचा आणि त्यात आपल्याला हवे ते काम आपल्याला हव्या त्या कळीवर बांधून घेता यायचे. मी टोकदार कंस वरच्या ओळीतल्या एफ-टूवर बांधला आणि स्वल्पविराम एफ-फोरवर. पुढे कळले की अशी सोय एडिटरबाहेर, संपूर्ण संगणकासाठीही करता येते. तेव्हा माहीत नव्हते आणि जे माहीत होते त्याने काम भागले. उजव्या हाताच्या खालच्या ओळीतले काम डाव्या हाताच्या वरच्या ओळीत गेले. पहिल्या दिवशी दर वाक्याला बोट जुन्या जागी, उघड्या भोकात जायचे. चौथ्या दिवशी ते जायचे थांबले.

उरलेल्या दहा दिवसांचे वर्णन करण्यासारखे काही नाही, कारण मी काम करत होते. बाहेर काय चालले होते ते आवाजावरून कळे. कडपांचे भारे बांधले गेले, भाऱ्यांचे पुंजने म्हणजे ढीग रचले गेले, भारी धानाची मळणी सुरू झाली. बारा घरांची नावे पडद्यावर नावांसारखी दिसू लागली. यादी फोनवर पाहून एक शेजारी संध्याकाळी बाबांकडे आले आणि म्हणाले, "तुह्या पोरीच्या फोनात माही पाळी चवथी कायले? तिसरी आहे." बाबा म्हणाले, "मंग त्या पोरीले सांग, फोन कायले वढतो?" माझ्या पानावरून गावात वाद झाला, त्या दिवशी मला ते पूर्ण झाल्यासारखे वाटले.

नागपूरला जायच्या सकाळी मी लॅपटॉप आणि चार्जर पिशवीत घातला. कंपनीने कळवले होते की तिथे संगणक आहेत, स्वतःचा आणायची गरज नाही. काकू ओसरीशी थांबल्या.

"तेथं नाही का मशीन?"

"आहेत काकू. चांगली आहेत."

त्यांनी कमरेच्या विळ्यावर हात ठेवला. पिशवीकडे पाहिले. "ने मंग तुहाच," एवढेच बोलल्या आणि बांधीकडे गेल्या.

तुमसर रोड स्थानकावरून गाडी पकडली. परीक्षा एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होती. घेणाऱ्या बाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मोठ्या पडद्याच्या संगणकाकडे बोट दाखवले. त्यावर सर्वांचा लाडका एडिटर उघडलेला होता, क्षणात चालणारा. मी म्हणाले, "माझ्या लॅपटॉपवर केले तर चालेल का?" त्यांनी त्या भोक पडलेल्या कीबोर्डकडे पाहिले. "चालेल. वेळ मात्र तेवढाच." त्यांनी बदल सांगितला : यंत्र बिघडले तर उरलेल्या सगळ्या पाळ्या एक दिवस पुढे सरकल्या पाहिजेत, झालेल्या पाळ्यांना धक्का लागता कामा नये.

पहिली पाच मिनिटे मी काहीच टंकले नाही. मग लिहायला लागले. बाई माझ्या मागे उभ्या होत्या, हे मला त्यांच्या प्रश्नावरूनच कळले. "मघापासून तुम्ही वरची कळ का दाबता आहात?"

"इथली नाही म्हणून."

"कुठे गेली?"

"उफणणीत उडाली."

त्यांनी घड्याळाकडे पाहिले. चोविसाव्या मिनिटाला पाळ्या सरकल्या, पण झालेल्याही सरकल्या. सव्विसाव्या मिनिटाला चूक सापडली. एकोणतिसाव्याला मी हात काढले. बाईंनी स्वतः दोनदा यंत्र 'बिघडवून' पाहिले, मग म्हणाल्या, "मोठा संगणक सोडून हा का घेतलात?"

मी खरे ते सांगितले. "त्यावर मला आधी तो संगणक शिकावा लागला असता. अर्धा तास फक्त कामाला हवा होता."

निवडीचा निरोप नवव्या दिवशी आला. मळणीचे यंत्र तेव्हा आमच्या खळ्यावर होते, आमची पाळी अकरावी. आवाजात कोणाला काही ऐकू जात नव्हते, म्हणून मी फोन बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी दोनदा वाचला. मग ते घरात गेले, कपाटावरचा अर्ज काढून आणला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. फाडला नाही. आमच्याकडे पाठकोरा कागद कोणी फाडत नाही. त्याच्या मागच्या बाजूवर त्यांनी त्या संध्याकाळी पोत्यांचा हिशेब लिहिला.

पहिल्या पगारातून नवा लॅपटॉप घेतला. त्याआधी, निवड झाली त्याच हिवाळ्यात, काकूंसाठी आणलेला नवा विळा घेऊन सिहोऱ्याच्या लोहाराकडे गेले आणि दाते दुसऱ्या अंगाने पाडून घेतले. काकू तो आता वापरतात. बांधीत आता धान कापून ओळीने पाडणारे मोठे यंत्र येते. कोपऱ्यात आणि धुऱ्यालगत ते पोचत नाही, तिथे काकू पोचतात. आज मी सर्वांचा लाडका एडिटरच वापरते, कारण आज माझे यंत्र त्याला पेलते आणि सोबतचे सगळे तोच वापरतात. त्यात मी पहिल्या दिवशी केलेले काम म्हणजे टोकदार कंस एफ-टूवर बांधणे. कीबोर्डवर सगळ्या कळा आहेत. बोट मात्र अजून वरच जाते.

लाखांदूरच्या मुलीला मी उत्तर लिहिले : "नाव नंतर सांगते. आधी तुझा लॅपटॉप कोणता, त्यात काय चालत नाही, नेटवर्क कुठे मिळते आणि बसून काम कुठे करतेस, ते कळव."

तिचे उत्तर यायला वेळ लागला. तोवर अंगणापलीकडच्या कडपांवरचे दव गेले होते आणि वास पोह्यांकडे सरकला होता. खळ्याच्या कडेला बाबा भुसा पायाने उलथत होते. चार वर्षे झाली, ते अजूनही चालता चालता खाली पाहतात.

फोनवर तिचा संदेश वाजला. "ताई, लॅपटॉप दादाचा आहे. संध्याकाळी त्याला परत द्यावा लागतो, म्हणून सकाळी गच्चीवर बसते. उन्हात पडदा दिसत नाही, आणि स्पेसची कळ डाव्या टोकाला दाबली तरच चालते. पण त्याचा एडिटरशी काय संबंध?"

मी खुर्ची ओसरीच्या सावलीत ओढली आणि तिला फोन लावला.